हॉर्सपॉवरचा आकडा छापलात, पण गरमी कुठे गेली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत टर्बो स्पोर्ट्स कार मॉडिफाय करण्यावर अर्ध्या पानाचा लेख आलाय तो मी दोनदा वाचला, एकदा खुशीत आणि दुसऱ्यांदा कपाळाला हात लावून. खुशी ह्याची की आपल्या पेपरात ह्या विषयाला जागा मिळाली, नाहीतर गाड्यांचं पान म्हणजे मायलेज, बूटस्पेस आणि किती एअरबॅग एवढ्यावरच संपतं. पण लेखाचा सगळा सूर असा की लॅपटॉप जोडा, अर्ध्या तासात रिमॅप करा (म्हणजे ईसीयू, इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, त्याच्या मॅपमधले आकडे बदला), सत्तर हॉर्सपॉवर जास्त घेऊन घरी जा. हे वाचून उद्या एखादा पोरगा खरंच लॅपटॉपवाल्याकडे जाऊन उभा राहील म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलं तर कापा, पण मधला पिस्टनचा भाग कापू नका.

आधीच सांगतो, मी मॉडिफिकेशनच्या विरोधातला माणूस नाही. उलट माझं उलटंच आहे. दोन लिटर, चार सिलिंडर, टर्बो, दोन दारांची गाडी आहे माझ्याकडे, मागच्या सीटवर फक्त बॅग बसते, आणि गेली नऊ वर्षं मी तिच्यात काही ना काही करतोच आहे. त्यातली पहिली दोन वर्षं चुका करण्यात गेली आणि तिसरं वर्ष त्या निस्तरण्यात. त्यामुळे सांगतोय ते उंटावरून शेळ्या हाकणं नाहीये, हात काळे करून शिकलेलं आहे.

मुद्दा एकच आहे. टर्बो गाडीत ताकद वाढवणं म्हणजे गरमी वाढवणं, आणि ती गरमी जाणार कुठे ह्याचा हिशोब ज्याने आधी केला त्याची गाडी टिकते, बाकीच्यांची टो होऊन येते. तुमच्या अख्ख्या लेखात तापमान हा शब्द एकदाही नाहीये, मी शोधला.

टर्बो करतो काय तर इंजिनातून बाहेर पडणारा जळालेला वायू, जो फुल थ्रॉटलला ९०० डिग्रीच्या आसपास तापलेला असतो, तो एका चाकावर सोडतो, ते चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं म्हणजे जास्त ताकद, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण हवा दाबली की तापते. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं टोक हाताला गरम लागतं ना, तेच, फक्त इथे पंप राक्षसी आहे. माझ्या गाडीचा कंपनीचा बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेच्या वर टर्बो जेवढा दाब देतो तो, ०.८ बार. बाहेर २७ डिग्री असेल तर पुस्तकी हिशोबाने कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा साधारण १०५ डिग्रीची होते. तोच बूस्ट १.३ बारवर नेला तर ती दीडशेच्या घरात जाते, कारण एकतर दाब जास्त आणि वरून छोटा टर्बो त्याच्या आवडीच्या पट्ट्याच्या बाहेर गेलेला असतो, मग तो हवा कमी ढकलतो आणि तापवतो जास्त. म्हणजे शेवटच्या त्या पाव-अर्ध्या बारमध्ये तुम्हाला ताकद थोडी आणि गरमी भरपूर मिळते. नाकापेक्षा मोती जड.

ती गरम हवा थंड करायला इंटरकूलर असतो, पण कंपनीने दिलेला इंटरकूलर कंपनीच्या बूस्टसाठी मापून दिलेला असतो. पहिल्या पुलला, म्हणजे पाय पूर्ण दाबून घेतलेल्या पहिल्या धावेला, तो गार असतो म्हणून काम करतो, दुसऱ्याला कोमट, तिसऱ्याला तो स्वतःच तापलेला लोखंडी... बरं, ॲल्युमिनियमचा, पण कामाचा नाही. ह्याला हीट सोक म्हणतात. डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावर, छापून दिलेला आकडा बहुतेक वेळा पहिल्या पुलचा असतो, हे लक्षात ठेवा, परत येतो ह्यावर.

आणि हवा गरम आत गेली की नॉक. स्पार्कने पेटलेली ज्वाळा सिलिंडरभर पसरायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यावर घण बसल्यासारखा बसतो. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज येतो, पण फुल थ्रॉटलला, सायलेन्सर मोठा, गाणी चालू, खिडकी उघडी, कोणाला ऐकू येतोय. नॉक सेन्सरला ऐकू येतो, तो ईसीयूला सांगतो, ईसीयू स्पार्क मागे घेते आणि इंजिन वाचतं. पण किती वेळा वाचेल ह्याला मर्यादा आहे आणि काही ट्यूनर लोक, म्हणजे हे रिमॅप करून देणारे, तो सेन्सर "फार सेन्सिटिव्ह आहे" म्हणून बहिराच करून ठेवतात. दारावरची बेल त्रास देते म्हणून वायर कापायची आणि मग म्हणायचं आमच्याकडे कोणी येतच नाही.

आता माझं सांगतो.

गाडी घेऊन दीड वर्ष झालं होतं, स्टॉक होती, म्हणजे कंपनीतून आली तशीच, चांगली पळत होती, पण ओळखीतल्या सगळ्यांनी रिमॅप केलेला आणि मला रात्री झोप येईना. एका ट्यूनरकडे गेलो. नाव लिहीत नाही, माणूस वाईट नव्हता, घाईतला होता, आणि खरं तर मीही घाईतच होतो. सकाळी लवकरची वेळ, थंडी, बॉनेट उघडं, समोर मोठा पंखा. एक पुल घेतला, दहा मिनिटं थांबला, दुसरा घेतला, मॅप बदलला, परत थांबला. दुपारच्या आत मला एक रंगीत कागद मिळाला, दोन वक्ररेषा, खालची लाजलेली आणि वरची माजलेली. बूस्ट ०.८ चा १.३ झाला होता. मी विचारलं लॉग फाईल देता का, म्हणजे प्रत्येक क्षणाला इंजिनात काय चाललं होतं त्याची नोंद, तर म्हणाला तुम्हाला काय कळणार त्यातलं. खरं होतं, तेव्हा नव्हतं कळत. पण मागितल्यावर द्यायला पाहिजे होती, आणि दिली नाही तेव्हाच मी उठायला पाहिजे होतं.

पुढचे चार महिने स्वर्ग. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की मान मागे. मग एक दिवस दुपारच्या कडक उन्हात, मागे तीन-चार जोरदार पुल झालेले, तिसऱ्या गिअरला साडेचार हजारावर एक हलका टक् आवाज, इतका हलका की मला वाटलं बाटली पडली मागे. ताकद थोडी कमी वाटली. सिग्नलला उभा राहिलो तर आरशात निळा धूर, आणि बॉनेटखालून जळक्या ऑइलचा वास. डिपस्टिक आपली आपण वर उचलली गेली होती, म्हणजे क्रँककेसमध्ये, पिस्टनच्या खालच्या ऑइलच्या भागात, प्रेशर.

मेकॅनिकने प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं. पहिला सिलिंडर साडेअकरा बार, दुसरा तेवढाच, चौथा त्याच्या जवळपास, आणि तिसरा ६. हेड उतरवलं, पिस्टन बाहेर काढला, तर वरच्या आणि दुसऱ्या रिंगमधली जी पातळ पट्टी असते, रिंग लँड, तिचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा सुटलेला. पिस्टनच्या कडेला बारीक बारीक टोचे, जसं कोणी खिळ्याने ठोकलंय. मेकॅनिकने तो उजेडात धरला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही, त्याचं न बोलणं जास्त लागलं.

पण ही गोष्ट इथे संपत नाही, कारण प्रश्न हा की तिसराच का? चारही सिलिंडरला हवा तीच, मॅप तोच, गरमी तीच. म्हणून इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावले, चार काचेच्या नळ्या, खाली पेट्रोल साठताना दिसतं. तीन नळ्या एका रेषेत भरल्या आणि तिसरी खाली राहिली, ९ टक्के कमी. जुना कचरा बसला होता त्यात, बाकी काही नाही. आता गंमत बघा, सॉरी, गंमत नाही, पण बघा. पेट्रोल इंजिनात साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे हिशोबी प्रमाण असतं, वजनाने. टर्बो फुल बूस्टवर असताना मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतात, साडेअकरा-बाराला एक, कारण ते जास्तीचं पेट्रोल आतली गरमी शोषतं. माझ्या गाडीत ट्यूनरने सायलेन्सर पाइपात सेन्सर लावून हे प्रमाण बघितलं होतं, ११.८ आलं, उत्तम. पण तो सेन्सर चारही सिलिंडरच्या एकत्र झालेल्या वायूत बसतो, त्याला सरासरी दिसते. तीन सिलिंडर ११.६ वर आणि तिसरा बिचारा १२.७ वर होता, सरासरी झकास. वर्गाचा निकाल चांगला लागला म्हणून नापास झालेला पोरगा पास होत नाही.

स्टॉक बूस्टवर हाच तुंबलेला इंजेक्टर वर्षानुवर्षं चालला असता, कोणाला पत्ता लागला नसता. कंपनी जी मार्जिन ठेवते ती ह्याच्यासाठी असते. खराब पेट्रोल, उन्हाळा, घाट, तुंबलेला इंजेक्टर, ऑइल बदलायला विसरणारा मालक, ह्या सगळ्यांच्या वाटणीची ती शिल्लक असते. रिमॅप म्हणजे ती शिल्लक काढून खर्च करणं. करायला हरकत नाही, पण मग विसरणारा मालक राहायचं नाही आणि तुंबलेला इंजेक्टर ठेवायचा नाही. तुमच्या लेखात लिहिलंय की कंपन्या मुद्दाम ताकद "लॉक" करून ठेवतात आणि ट्यूनर ती "अनलॉक" करतो, हे वाक्य जाहिरातीतलं आहे, पेपरातलं नाही.

माझी स्वतःचीही चूक लिहितो म्हणजे कोणी म्हणायला नको. प्लग जुनेच ठेवले होते. बूस्ट वाढवला की प्लग एक पायरी थंड घ्यायचे असतात, म्हणजे ज्याचं टोक गरमी लवकर हेडमध्ये सोडतं असा प्लग, आणि गॅपही थोडी कमी करायची असते नाहीतर दाबलेल्या हवेत ठिणगी विझते. मला हे माहीत होतं. पुढच्या सर्व्हिसिंगला करू म्हटलं. आणि पेट्रोलही कधी जास्त ऑक्टेनचं (म्हणजे सहजासहजी नॉक न होणारं), कधी जे मिळेल ते. मॅप मात्र जास्त ऑक्टेनवर बनवलेला. ही चूक ट्यूनरची नाही, माझीच.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. टर्बो गाड्यांचा इतिहासच ह्या गरमीचा आहे. अमेरिकेत १९६२ ला ओल्ड्समोबिल जेटफायर आली, साडेतीन लिटरचं व्ही-एट इंजिन, टर्बो, आणि कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) १०.२५ म्हणजे त्या काळच्या टर्बोला भलताच जास्त. नॉक होऊ नये म्हणून त्यांनी डिस्टिल्ड पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली, नाव ठेवलं टर्बो रॉकेट फ्लुइड. आयडिया एकदम बरोबर, आजही लोक वॉटर-मिथेनॉल इंजेक्शन लावतातच. पण ती टाकी मालकाने भरायची होती, आणि मालक भरायचे नाहीत. टाकी रिकामी झाली की गाडी बूस्ट कमी करायची, मग मालक तक्रार करायचे की ताकद नाही. शेवटी कंपनीने टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून द्यायची सोय केली. साठ वर्षं झाली, मालक अजून तसेच आहेत, मी धरून.

आणि ज्यांना गरमीचा हिशोब कळला होता ते बघा. पोर्शे ९११ टर्बो, १९७५ ची पहिली, तीन लिटर, २६० हॉर्सपॉवर, इंटरकूलर नाही. १९७८ ला तिला ३.३ लिटरचं इंजिन दिलं आणि ३०० हॉर्सपॉवर केली, फक्त ४० वाढवले. पण त्या चाळीसासाठी त्यांनी इंटरकूलर बसवला, तो मावेना म्हणून मागच्या पंखाचा आकार बदलला, आणि ब्रेक दिले ते ९१७ ह्या त्यांच्या रेसच्या गाडीवरून घेतलेले. गाडी बनवणारे स्वतः, ज्यांना इंजिनाचा प्रत्येक नटबोल्ट माहितीये, ते चाळीस घोड्यांसाठी इंटरकूलर आणि ब्रेक बदलतात आणि आपण सत्तर घोडे नुसत्या लॅपटॉपने घालणार.

कोणी म्हणेल की मग निसान स्कायलाइन जीटी-आर, टोयोटा सुप्रा ह्यांचं काय, त्या तर नुसत्या बूस्ट वाढवून पळतात. अर्धं खरं आहे. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून घेतलं होतं की जाहिरातीत २८० पीएसच्या (जवळपास हॉर्सपॉवरच) वर जायचं नाही, ते २००४ पर्यंत चाललं, आणि त्या काळातल्या काही इंजिनांत खरोखर खूप मार्जिन होती. सुप्राच्या टू-जेझेड इंजिनाचा ब्लॉक कास्ट आयर्नचा, दणकट. पण १९८९ च्या आर-३२ जीटी-आरचं विचारा. तिच्या टर्बोत सिरॅमिकचं टर्बाइन चाक होतं, हलकं म्हणून पटकन फिरायचं. बूस्ट १ बारच्या वर नेला की तेच चाक शाफ्टवरून सुटून तुकडे व्हायची भीती. म्हणून त्या गाडीवाल्यांचा पहिला खर्च स्टीलच्या चाकाचे टर्बो हा असतो, रिमॅप नंतर. सगळ्यात दणकट म्हणून जिचं नाव घेतात तिचीही एक दुखरी नस आहे, आणि ती माहीत असणं म्हणजेच ट्यूनिंग. बाकी लॅपटॉप कोणीही जोडतो.

ब्रेकबद्दल तुमच्या लेखात एक ओळ आहे, "हवे असल्यास स्पोर्टी ब्रेकही लावता येतात". हवे असल्यास! दीड टनाची गाडी १०० च्या स्पीडवरून थांबवताना ब्रेकना जेवढी ऊर्जा गरमीत बदलायला लागते त्याच्या चौपट २०० वरून थांबवताना लागते, दुप्पट नाही, चौपट, कारण वेगाचा वर्ग होतो. ताकद वाढली की तुम्ही प्रत्येक वळणाच्या आधी जास्त वेगात असता, म्हणजे गाडी बदलली नाही तरी ब्रेकचं काम बदललं. आणि सगळ्यात स्वस्तातला उपाय कोणी करत नाही, ब्रेक ऑइल बदलणे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ऑइल नवीन असताना कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तोच किमान आकडा १५५ आहे. एकदा ट्रॅकवर पाचव्या फेरीला माझा पेडल गादीवर पाय ठेवल्यासारखा खाली गेला होता, फरशीपर्यंत. परत परत पंप केल्यावर थोडा आला आणि मी वाळूत जाऊन थांबलो. ऑइल तीन वर्षं जुनं होतं. त्या दिवशी माझ्याकडे चकचकीत लाल कॅलिपर होते बरं का, ऑइल मात्र काळं.

टायरचंही तेच, स्पीड रेटिंग वाचा, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत, व्ही म्हणजे २४०, आणि जुने कडक झालेले असतील तर कुठलंच अक्षर कामाचं नाही. ह्यावर जास्त लिहीत नाही.

सायलेन्सरचं मात्र लिहायलाच पाहिजे. टर्बो गाडीत टर्बोच्या मागचा पाइप, डाउनपाइप, मोठा केला तर खरंच फायदा होतो, टर्बाइनच्या मागचा अडथळा कमी झाला की टर्बो लवकर फिरतो आणि इंजिनाचा श्वास मोकळा होतो, इथे मी लेखकाशी सहमत आहे. पण दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या नाहीत. एक, मोकळा पाइप लावला आणि बाकी काहीच केलं नाही तर काही गाड्यांत बूस्ट आपोआप ठरवलेल्या आकड्याच्या वर सरकतो, कारण जास्तीचा वायू बाहेर सोडणारी जी वेस्टगेटची खिडकी असते ती छोटी पडते. म्हणजे मॅपला न विचारता गाडी स्वतःच स्वतःला मॉडिफाय करायला लागते. दुसरी, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं. "कॅट डिलीट" असं स्टायलीत लिहिलंय. कितीतरी देशांत सार्वजनिक रस्त्यावर ते सरळ बेकायदा आहे, आणि नसतं तरी मागच्या माणसाने माझा कच्चा धूर का प्यायचा? कमी अडथळ्याचे कन्व्हर्टर मिळतात, ताकदीत किंचित फरक पडतो, तो ड्रायव्हिंग सीटवर बसून कोणाला कळणार नाही, मलाही नाही कळत.

आणि ते फटाके. पाय काढला की फट फट फट. लेखात त्याला "रेसिंग फील" म्हटलंय. जुन्या रेसच्या गाड्यांत तो आवाज दुसऱ्या कामाचा उप-उत्पादन होता, आता मॅपमध्ये मुद्दाम स्पार्क उशिरा टाकून पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाळतात. म्हणजे ज्या टर्बोला, ज्या कन्व्हर्टरला, ज्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला आपण थंड ठेवायला धडपडतोय त्यांच्या तोंडात मुद्दाम आग. रात्री अकराला गल्लीतली लहान पोरं दचकून उठतात ती वेगळीच. मी स्वतः दोन आठवडे हे ठेवलं होतं, कबूल करतो, मग शेजारच्या आजी एवढंच म्हणाल्या "अरे तुझ्या गाडीला बरं नाही का", त्याच दिवशी काढून टाकलं.

पाय काढला की दाबलेली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्लो ऑफ व्हॉल्व्हचं त्स्सू त्स्सू ह्यावर काही बोलत नाही, आवाज आहे, हौस आहे, हौसेला मोल नसतं. फक्त ज्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी बसलाय त्या गाडीत ती मोजलेली हवा बाहेर सोडली तर ईसीयू त्या हवेचं पेट्रोल टाकून मोकळी होते आणि गाडी गिअर बदलताना गचके देते, मग लोक प्लग बदलत बसतात.

माझ्या गाडीचं पुढे काय झालं ते थोडक्यात. फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले दणकट पिस्टन घातले, ते गरम झाल्यावर जास्त फुगतात म्हणून बोअरमध्ये थोडी जास्त जागा सोडायला लागते, त्यामुळे सकाळी थंड इंजिन दोन मिनिटं खटखट करतं, नवीन माणूस घाबरतो. इंजेक्टर चारही बेंचवर जुळवून घेतले. समोर मोठा इंटरकूलर. ऑइल कूलर. डॅशबोर्डवर दोन मीटर, एक आत जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा आणि एक ऑइलच्या. आणि हे सगळं झाल्यावर दुसऱ्या ट्यूनरकडे मॅप, बूस्ट १.०५ बार. आधीच्यापेक्षा कमी! आणि गंमत म्हणजे उन्हात, पाचव्या पुलला, ही गाडी आधीच्या १.३ वाल्या गाडीपेक्षा जोरात पळते, कारण हवा गार असल्यामुळे ईसीयूला स्पार्क मागे घ्यावा लागत नाही. कागदावरचा आकडा कमी, रस्त्यावरची गाडी फास्ट. हा ट्यूनर पहिल्या दिवशी लॅपटॉप काढायच्या आधी तासभर फक्त गाडीखाली झोपून लीक शोधत होता, एक होज क्लॅम्प ढिला निघाला. लॉग त्याने न मागता पाठवले, सात फाइली, आणि म्हणाला आत जाणारी हवा ६० च्या वर गेली की पाय काढा. एवढीच सूचना. ती मी पाळतो. गाडी जोरात चालवून आल्यावर लगेच चावी बंद करायची नाही, दोन मिनिटं आयडलवर ठेवायची, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथल्या तिथे जळून कोळसा होतं, तेही त्यानेच सांगितलं. नवीन गाड्यांत टर्बोला पाणीही फिरतं म्हणून धोका कमी असतो, पण दोन मिनिटांनी कोणाची ट्रेन चुकत नाही.

एक राहिलंच, इन्शुरन्स. केलेले बदल विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरने मोठा टर्बो बघून विचारलं हा कधी लावला, तर वरातीमागून घोडं नको.

संपादकसाहेब, तुमच्याकडून मागणं एवढंच आहे की पुढच्या वेळी कुठल्याही मॉडिफाय केलेल्या गाडीचा हॉर्सपॉवरचा आकडा छापाल तेव्हा त्याच्या शेजारी अजून चार गोष्टी छापा. आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच डायनोवर एकाच दिवशी घेतला का. तो चाकांवर मोजलाय की चाकांवर मोजून इंजिनाचा म्हणून अंदाजाने वाढवलाय. कितव्या पुलचा आहे, आणि लागोपाठ तिसऱ्या पुलला तो किती उरला. पेट्रोल किती ऑक्टेनचं होतं. लेखकाला ट्यूनरने ही माहिती दिली नाही तर "दिली नाही" असं छापा, आमच्यासारख्याला तेवढ्यावरून सगळं कळतं. लेखकाला हवं असेल तर माझे जुने-नवे दोन्ही कागद, नवीन मॅपचे लॉग आणि त्या पिस्टनचा फोटो पाठवतो. पिस्टन बघायचा असेल तर तोही आहे, नखाएवढा तुकडा मात्र ऑइल पॅनमध्ये शोधूनही अर्धाच सापडला.

आपला,
एक नियमित वाचक

ता.क. लेखातल्या चौकटीत टर्बोला इंजिनाचा बेल्ट फिरवतो असं छापलंय. बेल्टवर फिरतो तो सुपरचार्जर. शेजारचा फोटो मात्र टर्बोचाच आहे, फक्त उलटा छापलाय.